तलवार माशाची पहिली पाच वर्षं

ऑक्टोबर २०१२ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पॉम्पॅनो बीच नावाचं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर फिरायला गेलेल्या एका माणसाला वाळूत एक डोळा सापडला. निळाशार, मोठ्या मोसंब्याएवढा, नुसताच डोळा. बातमी पसरली आणि तर्क सुरू झाले. कोणी म्हणालं देवमाशाचा, कोणी म्हणालं खोल समुद्रातल्या महाकाय म्हाकुलाचा. शेवटी राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्यातल्या तज्ज्ञांनी डोळ्याचा रंग, आकार आणि त्याला चिकटलेली हाडं तपासून निकाल दिला, की हा तलवार माशाचा डोळा आहे. त्याच्या कडेला सुरीचे सरळ काप होते. कोणा मच्छीमारानं मासा साफ करताना तो कापून पाण्यात टाकला असणार, आणि लाटांनी तो किनाऱ्यावर आणून ठेवला.

आपण या माशाला त्याच्या तलवारीमुळे ओळखतो. पण त्याची खरी कहाणी समजून घ्यायची तर सुरुवात या डोळ्यापासून करावी लागते. माशांमध्ये एवढा मोठा डोळा दुसऱ्या कोणाचा नाही. त्याचा व्यास नऊ सेंटिमीटरपर्यंत भरतो. एवढा मोठा डोळा कशाला लागतो, या प्रश्नाचं उत्तर हा मासा राहतो कुठे, यात आहे.

त्याआधी थोडा नावांचा घोळ निस्तरू या. आपल्याकडे टोकदार तोंडाचा कोणताही मासा दिसला की लोक त्याला तलवार मासा म्हणून मोकळे होतात. तोंडापुढे दोन्ही बाजूंनी दाते असलेली करवत असते तो करवत मासा. तो मुशी-पाकटांच्या कुळातला आणि आपल्या कायद्यानं संरक्षित आहे. पाठीवर शिडासारखा उंच पर असतो तो सेलफिश. मत्स्यपेटीतला बोटभर लांबीचा ‘स्वोर्डटेल’ तर गोड्या पाण्यातला. त्याची तलवार शेपटीला असते. हेमिंग्वेच्या ज्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावानं अनुवाद केला, त्यातला म्हाताऱ्या कोळ्याचा मासा तलवार मासाच, असं पुष्कळांना वाटतं. तो मार्लिन. सेलफिश आणि मार्लिन ही तलवार माशाची लांबची भावंडं. त्यांची चोच भाल्यासारखी गोल असते, याची मात्र खऱ्या तलवारीसारखी चपटी आणि कडांना धारदार. शास्त्रीय नाव ‘झिफियास ग्लॅडियस’. पहिला शब्द ग्रीक, दुसरा लॅटिन आणि दोन्हींचा संबंध तलवारीशीच! १७५८ साली लिनियसनं हे नाव दिलं. आपल्या कुळात हा मासा एकटाच उरला आहे. त्या कुळात दुसरी जात नाही.

पूर्ण वाढलेला तलवार मासा साडेचार मीटरपर्यंत लांब होऊ शकतो. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा तलवारीचा. गळानं पकडलेल्या सर्वांत मोठ्या तलवार माशाची नोंद १९५३ सालची आहे. चिली देशातल्या इकीके बंदराजवळ मिळालेल्या त्या माशाचं वजन ५३६ किलो भरलं होतं. एवढ्या मोठ्या माशाच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडात एकही दात नसतो. हे दोन्ही लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता त्याचं घर. अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी या तिन्ही महासागरांत, तसंच भूमध्य समुद्रात हा मासा आढळतो. विषुववृत्ताजवळच्या उबदार पाण्यापासून कॅनडाच्या थंड पाण्यापर्यंत त्याचा संचार. पण नकाशावरचा पत्ता सांगून काम भागत नाही, कारण तो दिवसातून दोनदा घर बदलतो. रात्री तो पृष्ठभागाजवळ असतो. उजाडायला लागलं की खाली उतरतो आणि दिवसभर पाचशे-सहाशे मीटर खोलीवर, कधी त्याहूनही खाली वावरतो. असं का? समुद्रात म्हाकुलं, छोटे मासे आणि कोळंबीसारखे जीव यांचा एक अफाट थर दिवसा अंधारात लपून बसतो आणि रात्री चरायला वर येतो. तलवार मासा या थराचा पाठलाग करतो. भक्ष्य जिथे, तिथे तो.

पण पाचशे मीटर खाली उजेड जवळजवळ संपलेला असतो आणि पाणी अतिशय थंड असतं. मासे हे थंड रक्ताचे प्राणी. पाणी गार झालं की त्यांचा मेंदू आणि डोळे मंदावतात. मग तासाभरात वीस अंशांवरून सात-आठ अंशांच्या पाण्यात उतरणारा मासा शिकार कशी करत असेल? याचं उत्तर फ्रान्सिस केरी या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं. तलवार माशाच्या डोक्यात शेगडी असते!

डोळा फिरवण्यासाठी प्रत्येक बुबुळाला स्नायू असतात. त्यांतल्या एका स्नायूनं तलवार माशात आपलं मूळ काम सोडून दिलं आहे. तो आकुंचन पावत नाही. मिळालेली सगळी ऊर्जा उष्णतेत बदलतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची जाळी अशी असते की तयार झालेली ऊब कल्ल्यांकडे वाहून न जाता डोक्यातच राहते. बाकीचं शरीर पाण्याइतकं गार, पण मेंदू आणि डोळे पाण्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी गरम. या उबेचा उपयोग काय, हे २००५ मधल्या एका संशोधनानं दाखवून दिलं. डोळ्याचा पडदा गरम असेल तर वेगानं हलणाऱ्या वस्तू टिपण्याची त्याची क्षमता दहा पटींहून अधिक वाढते. अंधारात सुळकन निसटणारं म्हाकूल थंड डोळ्याला नुसतं धुरकट दिसेल, गरम डोळ्याला स्पष्ट दिसतं. किनाऱ्यावर सापडलेला तो मोसंब्याएवढा डोळा म्हणजे निसर्गानं तापवून ठेवलेली दुर्बीण होती.

तलवारीचं काय? लोकांना वाटतं की मासा ती भक्ष्याच्या अंगात खुपसत असेल. बहुतेक वेळा तसं नसतं. तो माशांच्या थव्यात शिरून डोकं डावी-उजवीकडे फिरवतो. सपकन बसलेल्या वारानं जखमी झालेले मासे आणि म्हाकुलं मग तो गिळतो. दात नाहीत, म्हणून आधी वार करायचा. खुपसण्याच्या नोंदीही आहेत म्हणा! १९६७ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या ‘अल्विन’ या संशोधन पाणबुडीवर सुमारे सहाशे मीटर खोलीवर एका तलवार माशानं हल्ला केला. तलवार पाणबुडीच्या सांध्यात अशी अडकली की मासा पाणबुडीबरोबरच वर आला, आणि त्या रात्री जहाजावरच्या मंडळींच्या जेवणाची सोय झाली. अलीकडच्या काळात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर मरून पडलेल्या काही मुशींच्या डोक्यात तलवारीचे तुकडे सापडले आहेत. मुशी लहान तलवार माशांना खातात. त्यामुळे हा वार बचावाचा असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

या माशाच्या वेगाबद्दल ताशी ९७ किलोमीटरचा आकडा अनेक पुस्तकांत छापलेला असतो. त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. त्याच्या चुलतभावाचा, सेलफिशचा वेग जेव्हा प्रत्यक्ष मोजला गेला तेव्हा तो ताशी तीसेक किलोमीटर भरला.

असा हा मासा जन्माला कसा येतो?

अंडी घालण्यासाठी त्याला उबदार पाणी लागतं. पृष्ठभागाचं तापमान साधारण तेवीस अंशांच्या वर हवं. अटलांटिकमध्ये सारगॅसो समुद्र, कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचं आखात ही त्याची प्रसूतिगृहं. भूमध्य समुद्रात इटलीच्या दक्षिणेकडे जून ते ऑगस्ट हा हंगाम. आपल्या हिंदी महासागरात रियुनियन बेटाच्या आसपास ऑक्टोबर ते एप्रिल या काळात विणीचा हंगाम असल्याचं फ्रेंच अभ्यासकांनी नोंदवलं आहे. माद्या आकारानं मोठ्या. दीडशे किलोच्या वरचा तलवार मासा दिसला तर ती मादीच, असं समजायला हरकत नाही. थंड पाण्यात दूरवर चरायला जातात त्याही बहुतेक माद्याच. नर उबदार पट्ट्यातच घुटमळतात. एरवी हा मासा एकलकोंडा. थवा करून राहत नाही. विणीच्या काळात मात्र नर-मादी जोडीनं दिसतात.

सिसिली आणि इटलीच्या मुख्य भूमीमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत ही जोडी शतकानुशतकं कोळ्यांच्या ओळखीची आहे. तिथली तलवार माशाची शिकार पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं दोन हजार वर्षांपूर्वी वर्णन करून ठेवली आहे. एकानं उंचावरून टेहळणी करायची आणि खाली होडीतल्यांनी भाला मारायचा. आजही तिथे वीस-पंचवीस मीटर उंच डोलकाठीवर मचाण बांधलेल्या होड्या दिसतात. तिथले कोळी सांगतात, की मादीला भाला लागला तर नर तिला सोडून जात नाही. होडीभोवती फिरत राहतो आणि तोही मारला जातो. दोमेनिको मोदुन्यो या गायकानं १९५४ मध्ये याच प्रसंगावर गाणं केलं आणि ते इटलीभर गाजलं. माशाच्या मनात काय असतं हे आपण कसं सांगणार? पण विणीच्या काळात नर मादीचा माग सोडत नाही, एवढं मात्र खरं.

मादी अंडी पाण्यात सोडते, नर त्यावर शुक्ररस सोडतो, आणि आई-बापांचं कर्तव्य तिथेच संपतं. घरटं नाही, राखण नाही. म्हणूनच अंड्यांची संख्या प्रचंड. मादीच्या आकारानुसार तिच्या गाभोळीत दहा लाखांपासून जवळजवळ तीन कोटींपर्यंत अंडी मोजली गेली आहेत. ती सगळी एकदम बाहेर पडत नाहीत. हंगामात टप्प्याटप्प्यानं, काही दिवसांच्या अंतरानं सोडली जातात. एकेक अंडं मोहरीच्या दाण्याएवढं, काचेसारखं पारदर्शक. आत तेलाचा एक थेंब असतो, त्यामुळे ते तरंगतं. सुमारे अडीच दिवसांत पिल्लू बाहेर येतं. लांबी चार मिलिमीटर.

या पिल्लाकडे पाहून त्याचे आई-बाप कोण हे ओळखणं कठीण. त्याला तलवार नसते. थोडं वाढलं की दोन्ही जबडे सारखेच लांब होतात आणि त्यांत दात असतात. अंगावर काटेरी खवले असतात. पाठीवर एकच लांब पर डोक्यापासून शेपटीपर्यंत पसरलेला. आधी ते पाण्यातले सूक्ष्म प्लवक खातं. सेंटिमीटरभर झालं की दुसऱ्या माशांची पिल्लं गिळायला लागतं, आणि त्यांत स्वतःची भावंडंही सुटत नाहीत. मग हळूहळू कायापालट होतो. वरचा जबडा पुढे वाढत जातो, खालचा मागे राहतो. दात जातात. साधारण मीटरभर लांबीपर्यंत खवलेही जातात. पाठीवरचा लांब पर मधून झिजतो आणि त्याचे दोन तुकडे उरतात. ज्या माशाला म्हातारपणी नव्हे, तर तरुणपणीच दात आणि खवले गमवावे लागतात, असा हा जगावेगळा प्राणी.

वाढीचा वेग थक्क करणारा आहे. पहिल्या वर्षाअखेर हे चार मिलिमीटरचं पिल्लू नव्वद सेंटिमीटरच्या आसपास पोहोचतं, म्हणजे सव्वादोनशे पट! अर्थात, जे पोहोचतं ते. टूना, मार्लिन, मुशी आणि इतर असंख्य मासे या पिल्लांवर जगतात. साधा हिशेब करून पाहा. एखाद्या मादीनं आयुष्यात कोट्यवधी अंडी घातली आणि समुद्रातली तलवार माशांची संख्या कायम राहायची असेल, तर त्यांतली सरासरी दोनच शेवटपर्यंत जगली तरी पुरे. एक आईच्या जागी, एक बापाच्या जागी. बाकी सगळा समुद्राचा घास.

एकदा शरीर मोठं झालं की मात्र धोका कमी होतो. मोठ्या तलवार माशाच्या वाटेला किलर व्हेल किंवा माकोसारख्या बलदंड मुशीशिवाय कोणी जात नाही. नर लवकर वयात येतात. मादीला वेळ लागतो. अटलांटिकमधल्या अभ्यासानुसार ती चार-पाच वर्षांची, सुमारे पावणेदोन मीटर लांबीची आणि सत्तरेक किलो वजनाची झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालते. पुढे पंधरा वर्षांपर्यंत जगू शकते आणि जितकी मोठी होईल तितकी जास्त अंडी देते. सगळा व्यवहार या पहिल्या पाच वर्षांवर अवलंबून आहे. आणि नेमका तिथेच माणसानं हात घातला.

पूर्वी अटलांटिकच्या वायव्य भागात तलवार मासा भाल्यानं मारत. थंड पाण्यात हा मासा कधी कधी दिवसा वर येऊन ऊन खात पडतो. त्याचा पर आणि शेपटी पाण्याबाहेर दिसली की कोळी होडी जवळ नेत. एका वेळी एकच मासा, आणि तोही नजरेत भरेल असा मोठा. लहान मासे आपोआप सुटत. १९६० च्या दशकात लांब दोरीची मासेमारी आली. कित्येक किलोमीटर लांबीची दोरी, तिला शेकडो गळ, गळाला म्हाकुलाचं आमिष आणि अंधारात चमकणाऱ्या कांड्या. रात्रभर समुद्रात सोडलेली ही दोरी लहान-मोठा पाहत नाही. तिच्यावर कासवं आणि मुशीही अडकतात.

परिणाम वजनकाट्यावर दिसला. उत्तर अटलांटिकमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पकडलेल्या तलवार माशाचं सरासरी वजन शंभर किलोच्या वर होतं. १९९० च्या दशकात ते चाळीस किलोच्या आसपास आलं. चाळीस किलोची मादी म्हणजे जिनं आयुष्यात एकदाही अंडी घातली नाहीत अशी मादी. दुकानात मासे येत होते, ताटात पडत होते, पण पुढच्या पिढीचं बियाणंच खाल्लं जात होतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. १९९८ च्या जानेवारीत अमेरिकेत काही संस्थांनी ‘तलवार माशाला उसंत द्या’ अशी मोहीम सुरू केली. नामांकित हॉटेलांच्या आचाऱ्यांनी तो आपल्या यादीतून काढून टाकला. पुढच्या वर्षी अटलांटिकमधल्या टूना आणि तत्सम माशांच्या रक्षणासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगानं दहा वर्षांची योजना आखली आणि प्रत्येक देशाचा कोटा कमी केला. अमेरिकेनं फ्लोरिडाजवळची, जिथे पिल्लं वाढतात ती क्षेत्रं लांब दोरीसाठी बंद केली. समुद्रातल्या प्रयत्नांना यश येईल की नाही याची खात्री देता येत नाही, पण इथे आलं. २००९ च्या मूल्यमापनात उत्तर अटलांटिकमधला तलवार मासा पुन्हा सुस्थितीत आल्याचं स्पष्ट झालं. जो मासा पहिल्याच वर्षी नव्वद सेंटिमीटर वाढतो, त्याला चार-पाच वर्षं मिळाली की तो स्वतःच स्वतःला सावरतो.

भूमध्य समुद्राची गोष्ट तितकी सुखाची नाही. तिथे तरंगत्या जाळ्यांवर युरोपीय संघानं २००२ पासून बंदी घातली, तरी लहान मासे पकडणं थांबलं नाही. शेवटी २०१७ पासून पंधरा वर्षांची पुनर्भरणाची योजना सुरू झाली. मेसिनाच्या कोळ्यांची ती जोडी टिकते की फक्त गाण्यात उरते, हे तिच्या यशावर ठरणार आहे.

आता आपल्याकडे येऊ या. तलवार मासा अरबी समुद्रातही आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण या संस्थेच्या जहाजांना लांब दोरीच्या सर्वेक्षणात तो मिळतो. मग ससून डॉकवर तो रोज का दिसत नाही? कारण मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. दोनशे मीटर खोली गाठायची तर सुमारे तीनशे किलोमीटर आत जावं लागतं. आपल्या डोल जाळ्यांचा आणि बहुतेक ट्रॉलरचा वावर या उथळ पट्टीत, आणि याला तर पायाखाली हजार मीटर पाणी लागतं. हिंदी महासागरातल्या तलवार माशांचा हिशेब सेशेल्समध्ये कार्यालय असलेला टूना आयोग ठेवतो आणि भारत त्याचा सदस्य आहे.

खाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. समुद्रातला पारा सूक्ष्म जीवांतून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात असा वर वर साठत जातो. साखळीच्या टोकावर बसलेल्या आणि अनेक वर्षं जगणाऱ्या तलवार माशात तो बराच असतो. म्हणून गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुलं यांनी हा मासा खाऊ नये, असा सल्ला अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणा देतात. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांनी तो लक्षात ठेवावा. आपले बांगडे आणि तारल्या या बाबतीत पुष्कळच निर्धोक.

तलवार माशाकडून आपल्या किनाऱ्याला घेण्यासारखं काही असेल तर ते मासा कधी पकडावा, याबद्दलचं आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा दर्यात जायचं, ही आपल्या कोळी बांधवांची रीत जुनीच आहे. पावसाळ्यातल्या बंदीचा कायदा नंतर आला. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनानं ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवून दिली. बाजारात वीतभर सुरमई किंवा बोटाएवढा पापलेट स्वस्तात मिळाला की आपल्याला आनंद होतो. त्या वेळी चाळीस किलोची ती मादी आठवावी. तिचाही भाव ठरला होता. तिच्या पोटातली गाभोळी मात्र अजून भरायची होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)